रामधारीच्या नावाचा जंत

ऑगस्टमधला दुसरा शनिवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. हजर व्यक्ती दोन : लिफ्टमध्ये दुधाच्या चार पिशव्या घेऊन मी, आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आठवड्यापूर्वी राहायला आलेल्या एक बाई. एकूण ऐवज : एक बेडूक, मेलेला, पारदर्शक डब्यात.

"अरे देवा," मी म्हणालो.

"मराठी का?" बाई म्हणाल्या. "बरं झालं. तुमच्याकडे वजनकाटा आहे? स्वयंपाकघरातला चालेल. माझा अजून खोक्यात आहे आणि हा वाळत चाललाय."

लिफ्ट सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं होतं. डब्याचं वजन वजा करून बेडूक बेचाळीस ग्रॅम भरला. बाईंनी तो आकडा वहीत लिहिला, माझे आभार मानले आणि काटा घेऊन गेल्या. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. काटा अजून त्यांच्याकडेच आहे. माझ्या बायकोनं, सुनीतानं, तो परत मागितलेला नाही.

बाईंचं नाव कुमुद पारसनीस. वय तेव्हा सदुसष्ट. मूळच्या सांगलीच्या, पण दिल्लीत बेचाळीस वर्षं काढलेली. त्यातली चौतीस एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात. लग्न केलेलं नाही. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी नोएडात आमच्या सोसायटीत आल्या, कारण इथे बाल्कनीखाली सांडपाण्याचा एक उघडा नाला आहे. बाकीच्यांना त्या नाल्यामुळे फ्लॅट स्वस्तात मिळाले. बाईंना, म्हणजे आता आमच्या ताईंना, नाल्यामुळे बेडूक मिळाले.

त्यांचा विषय म्हणजे बेडकांच्या पोटातले जंत. असं म्हटलं की त्या लगेच दुरुस्त करतात. "पोटातले काय? फुप्फुसातले वेगळे, लहान आतड्यातले वेगळे, मोठ्या आतड्यातले वेगळे. पत्ता नीट सांगावा माणसानं."

त्या बेडूक मारत नाहीत. "मारायची गरजच काय? नोएडात ड्रायव्हर कमी आहेत का?" पावसाळ्यात रस्त्यावर, रॅम्पवर, बेसमेंटमध्ये जे चिरडले जातात, तेवढे त्यांना पुरतात. त्यातही बहुतेक टोड, म्हणजे अंगावर चामखिळी असलेले, पाण्यापासून दूर राहणारे, संथ चालीचे बेडूक. सोसायटीत ताईंना 'मेंढक मैडम' म्हणतात आणि सगळ्या गार्डना सक्त सूचना आहे : बेडूक मेला की ताबडतोब कळवायचं, ऊन लागायच्या आत.

या सूचनेपायी माझे मेहुणे पुण्याला एक दिवस आधीच परत गेले. ते आमच्याकडे आले होते, नाश्ता चालू होता. इंटरकॉम वाजला, त्यांनीच उचलला. पलीकडून गार्ड म्हणाला, "साहब, बी-टू बेसमेंट में एक बॉडी मिली है. मैडम फोन नहीं उठा रहीं. आप उठा लोगे या हम थैली में डाल दें?" मेहुण्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "थैली में डाल दो, मैं आता हूँ." वळून बघितलं तर मेहुण्यांच्या हातातला पोहे भरलेला चमचा वाटेतच थांबला होता. नंतर सगळं समजावून सांगितलं. पण माणसाच्या मनात एकदा बसलं की बसलं.

ताईंच्या घरात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवलेली असते. काय, कुठलं, केव्हा, कितवं. फ्रिजचा वरचा कप्पा बेडकांचा, खालचे माणसांचे, आणि दोन्हीकडे चिठ्ठी लिहायची पद्धत एकच. एकदा त्यांनी सुनीताला डब्यातून आमटी पाठवली. वर लिहिलं होतं : 'तूर, स्वयंपाकघर, सकाळ, नमुना क्र. २.' सुनीता म्हणाली, "नमुना क्रमांक एक कुठे गेला, हे आधी विचारून या. मगच मी डबा उघडते."

मी स्वतः नोएडातल्या एका कारखान्यात मोजमाप विभागात आहे. आम्ही दाबमापकं बनवतो. दिवसभर मी मायक्रोमीटर घेऊन बारीक बारीक तुकड्यांची जाडी तपासतो आणि जो तुकडा बसत नाही तो लाल पेटीत टाकतो. त्यामुळे ताईंची आणि माझी गाडी जमली. सुनीता म्हणते की आमच्या दोघांच्या गप्पांमध्ये क्रियापदं कमी आणि आकडे जास्त असतात.

ताईंचा एक आवडता प्रश्न आहे. तो त्या सगळ्यांना विचारतात : "मोजलंत की मानलंत?"

आज थंडी जास्त आहे म्हटलं, की "मोजलीत की मानलीत?" भाजीवाला म्हणाला, एक किलो आहे, की "गिना या माना?" सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीनं नाला बुजवून त्यावर बॅडमिंटन कोर्ट करायचा ठराव वाचला आणि म्हणाला, "सब सहमत हैं, तो पास करते हैं." मागच्या खुर्चीवरून बारीक आवाज आला : "गिना या माना?" सेक्रेटरी चिडला. पण हात मोजावे लागले. बाजूनं सतरा, विरुद्ध एकोणीस. नाला राहिला. ताईंचा हात दोन्ही वेळा खालीच होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझा त्यात स्वार्थ आहे. ज्याला उत्तर हवंसं वाटतं, त्यानं मोजू नये."

हाच नियम त्या कामात पाळतात. जंत ओळखायचा म्हणजे काय करायचं, हे मला हळूहळू समजलं. जंत नुसता बघून ओळखता येत नाही. सगळे दोऱ्याच्या तुकड्यासारखेच दिसतात. त्याला काचपट्टीवर घ्यायचा, आरपार दिसेल अशा द्रवात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेपूट बघायचं. तेही नराचं. मादीवरून फार तर घराणं कळतं. नराच्या शेपटीखाली मात्र बारीक उंचवटे असतात. काही जातींमध्ये ते अगदी फुलासारखे दिसतात, जोडीजोडीनं मांडलेले. ते किती जोड्या आहेत त्यावर जात ठरते. म्हणून गार्डनं थैली आणून दिली आणि ताईंनी ती उघडली, की तासाभरानं त्यांच्या दारातून पहिलं वाक्य येतं ते मेलेल्या बेडकाविषयी नसतंच. "नर मिळाला," किंवा "सगळ्या बायकाच निघाल्या."

फुप्फुसात राहणाऱ्या एका प्रकारात तर नर सापडतच नाही. "दिसायला सगळ्या माद्या," ताईंनी सांगितलं. "नराची सोय त्यांनी स्वतःतच करून ठेवलीय."

"शहाण्या आहेत," सुनीता म्हणाली आणि माझ्याकडे न बघता चहा गाळू लागली.

उंचवटे मोजायचे ते दोघांनी. एकमेकांशी न बोलता, आळीपाळीनं बघून, आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आकडे जुळले तर वहीत. नाही जुळले तर नाही. कॉलेजात हे काम त्या एका सहकारी बाईंबरोबर करायच्या. त्या बाई निवृत्त होऊन बंगळूरला लेकीकडे गेल्या. नोएडात हे पद सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. आजवर आमच्या चिठ्ठ्या दोनशे अकरा वेळा जुळल्या आणि एकोणीस वेळा जुळल्या नाहीत.

ताईंच्या टेबलाच्या वर, भिंतीवर एकच चित्र आहे. पाहुण्यांना वाटतं, रांगोळी असावी. ते एका जंताचं शेपूट आहे, शाईनं काढलेलं, फुलांच्या सहा जोड्यांसह. खाली नाव : कॉस्मोसर्का रामधारीआय. कॉस्मोसर्का हे कुळ, ते जुनंच आहे. पण ही जात ताईंनी शोधली, पस्तीस वर्षांपूर्वी. आधीची ओळखीची जात पाच जोड्यांची होती, ही सहाची. तेव्हा ही नवी.

"आणि रामधारी कोण?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं.

"आमचा लॅब अटेंडंट."

नव्या जातीला कोणाचं नाव द्यायचं हा शोधणाऱ्याचा हक्क असतो. लोक आपल्या गुरूचं देतात, प्राचार्यांचं देतात. ताईंच्या विभागप्रमुखांची स्वतःबद्दल बऱ्यापैकी अपेक्षा होती. ताईंनी चौथी शिकलेल्या रामधारीचं नाव दिलं. विभागप्रमुख चार महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. "कामं त्या चार महिन्यांत भराभर झाली," ताई म्हणतात.

रामधारी उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा. बावीस वर्षं तो ताईंबरोबर होता. पहाटे दिल्लीतल्या रिजच्या, म्हणजे टेकडीवरच्या जंगलाच्या, बाजूच्या नाल्यांवर फिरून बेडूक आणायचा आणि बरोबर आठ वाजता स्पिरिट गरम करून ठेवायचा. हे गरम करणं फार महत्त्वाचं असतं. जिवंत जंतावर गरम स्पिरिट ओतलं की तो क्षणात सरळ होतो आणि सरळच राहतो. थंड ओतलं तर आकसतो, वळतो, त्याच्या कातडीला घड्या पडतात, आणि मग त्याचं शेपूट वाचणं म्हणजे चुरगळलेल्या तिकिटावरचा नंबर वाचणं. ते फार गरमही चालत नाही. थर्मामीटर होता, पण रामधारी गरम पाण्यात ठेवलेल्या बाटलीला करंगळी लावून सांगायचा, "अब." ताईंनी नव्वद वेळा थर्मामीटरनं पडताळून बघितलं. तो चुकला नाही. मग थर्मामीटर कपाटात गेला. ताईंनी आयुष्यात न मोजता मानलेली ही एकच गोष्ट, असं मला तेव्हा वाटायचं.

यंदा जुलैमध्ये त्यांना एक ईमेल आली. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणारा कोणी तरुण. फार नम्र. त्यानं लिहिलं होतं की आपण चाळीस नर तपासले, सगळ्यांना पाचच जोड्या आहेत. सहा जोड्यांचा एकही मिळाला नाही. मॅडमनी ज्यावरून वर्णन केलं ती मूळ काचपट्टी बघायला मिळेल का?

"त्याला शेपूट बघता येत नसेल," ताई म्हणाल्या.

"तुमच्याकडे सहा जोड्यांचे किती नर होते?" मी विचारलं.

"एक."

"एकच?"

"तेव्हा चालायचं," त्या म्हणाल्या, आणि बेडकांचा कप्पा साफ करायला उठल्या. तो कप्पा आदल्याच दिवशी साफ केलेला होता.

दोन महिने ती काचपट्टी कपाटातून बाहेर आली नाही. मीही विषय काढला नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्यांनीच बेल वाजवली. "तुम्ही दोघंही या," त्या म्हणाल्या. "आज दोन चिठ्ठ्या पुरायच्या नाहीत."

सुनीता याआधी त्या खोलीत उंबऱ्याच्या पुढे गेली नव्हती. नाकाला पदर लावून ती सूक्ष्मदर्शकाशी बसली, आणि मिनिटभरानं पदर खाली आला. "अगंबाई. हे तर छान आहे. गजऱ्यासारखं." तिनं बराच वेळ बघितलं. मग मी बघितलं, मग ताईंनी. चिठ्ठ्या उघडल्या.

माझी : सहा. ताईंची : सहा. सुनीताची : 'पाच. आणि एक सुरकुती.'

मी हसलो. ताई हसल्या नाहीत.

"सुरकुती कशावरून?"

"ताई, पंचवीस वर्षं यांचे कॉटनचे शर्ट इस्त्री करतेय मी," सुनीता म्हणाली. "पाचही जोड्यांच्या फुलांना मध्ये ठिपका आहे बघा. सहावीला ठिपका नाही, नुसती कड आहे. ती घडी पडलीय."

ताई पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. प्रकाश कमी केला, वाढवला, काचपट्टी फिरवली. घड्याळात बघायची मला सवय आहे म्हणून सांगतो, बावीस मिनिटं गेली. मग डोकं न उचलता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मोजलंत की मानलंत?"

मी समोरच्या भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. सहा वर्षं रोज ते बघत होतो.

"मानलं," मी म्हणालो.

"मीही," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं."

त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. प्रत्येक बेडकाची एक ओळ : कुठे मिळाला, वजन, काय सापडलं, आणि शेवटच्या रकान्यात स्पिरिट कोणी ओतलं त्याची खूण. पानंच्या पानं खाली 'रा', 'रा', 'रा'. त्या ओळीवर बोट आलं तिथे 'कु' होतं. मी जवळून बघितलं. मागच्या-पुढच्या चार पानांवर तेवढं एकच 'कु'.

"तो रजेवर होता," ताई म्हणाल्या. "मुलीची पाठवणी होती. माझी प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती, बेडूक गेटवर मिळाला, मला घाई होती. थंडच ओतलं असणार मी." रजिस्टर त्यांनी बंद केलं. "तो असता तर ही जातच निघाली नसती. आणि मी तिला त्याचंच नाव दिलं."

नियम सरळ आहे. एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर जुनं राहतं, नवं रद्द. ताईंनी त्याच दिवशी दुरुस्तीचं टिपण लिहून काढलं, जर्नलला पाठवण्यासाठी. दीड पान. पण ते पाठवलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. चित्र मात्र भिंतीवरून उतरलं आणि त्या जागी पांढरा चौकोन राहिला.

शुक्रवारी मी म्हणालो, "पाठवून टाका. रामधारीला कोण सांगायला जातंय? तो जर्नल थोडंच वाचतो?"

"त्याचा नातू वाचतो. गुगलवर आजोबांचं नाव टाकून शाळेत सगळ्यांना दाखवतो, रामधारीच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं."

"मग नातू सांगेल."

"हो ना. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी मी दिलेलं नाव मीच काढून घ्यायचं आणि ते त्याला आठवीतल्या पोरानं सांगायचं." त्यांनी चष्मा पुसला. "त्याच्याकडे दुसरं काय आहे हो? आधी मी जाऊन सांगणार. मग टिपण. नुसतं धैर्य होत नाहीये. तुम्ही याल?"

रामधारीला शेवटचं केव्हा भेटलात, असं मी ताईंना विचारलं. त्यांनी हिशेब केला. रामधारी निवृत्त झाल्यानंतर दोनदा. दुसऱ्या भेटीला अकरा वर्षं झाली होती. "मी उगाच कशाला जाणार? काम काहीच नव्हतं."

रविवारी निघालो. दोनदा मेट्रो बदलून, मग ई-रिक्षानं हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला. वाटेत ताईंनी भाषणाची तयारी केली. पहिलं वाक्य त्यांनी पाच वेळा बदलून बघितलं आणि प्रत्येक वेळी ते जास्त लांब झालं. रामधारीचा मुलगा तिथे उतारावरच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या. आत शिरताच समोर भिंतीवर गणपती, हनुमान, मुलाच्या लग्नाचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये जंताचं शेपूट. फ्रेमला वाळलेल्या झेंडूची माळ होती.

"बाबूजी के नाम का कीड़ा है," सुनेनं मला अभिमानानं सांगितलं. "पूरी गली देखने आई थी."

ताईंनी माळेकडे बघितलं आणि मला वाटलं, आता या पाणी पिऊन परत फिरणार.

रामधारी खाटेवर बसला होता. बारीक, ताठ, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आवाजाकडे मान वळवून म्हणाला, "मैडम?" आणि उठून उभा राहिला. ताई बसेपर्यंत तो बसला नाही.

तयार केलेलं भाषण कुठे गेलं कोण जाणे. ताई म्हणाल्या, "रामधारी, गलती हो गई. वो कीड़ा नया नहीं था. पाँच ही जोड़ी हैं. छठी सिलवट है. तुम्हारा नाम काटना पड़ेगा."

 सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.  रामधारीनं विचारलं, "सिलवट? स्पिरिट गरम नहीं था क्या?"

"नहीं."

"मैं कहाँ था?"

"छुट्टी पर. बिटिया का गौना था."

रामधारीनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. त्याच्या खांद्यांपासून काहीतरी वर आलं. मला वाटलं खोकला, पण तो हसत होता. "तभी तो," तो म्हणाला. "दो दिन को गया, और मैडम ने ठंडा डाल दिया. मैं बोल के गया था, बिना गरम किए मत डालना. बोला था कि नहीं?"

"बोला था," ताई म्हणाल्या. पहिल्या बाकावर बसवलेल्या विद्यार्थिनीसारख्या.

"बाबूजी, नाम कट रहा है आपका," सून म्हणाली.

"कटने दे. गलत है तो कटेगा." त्यानं हात हवेत हलवला. "नाम तो मैडम ने दिया था. मैंने माँगा थोड़ी था."  माळेच्या बाजूला त्यानं तोंड वळवलं. त्याला दिसत नव्हतं, पण ती कुठे आहे हे ठाऊक होतं. मग म्हणाला, "छोटे को मैं समझा दूँगा." त्यात मात्र हसू नव्हतं.

 ताईंनी हातातली पिशवी घट्ट धरली होती.

"थैले में क्या है?" रामधारीनं विचारलं.

"कुछ नहीं."

"मैडम."

ताईंनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली छोटी बाटली काढली. त्या दिवशी सकाळीच गार्डनं एक टोड आणून दिला होता. त्यातले जंत मिठाच्या पाण्यात काही तास जगतात. घरी परतल्यावर बघू म्हणून त्यांनी ते तसेच बरोबर घेतले होते. स्पिरिटची बाटलीही होती. ती त्यांच्या पिशवीत नेहमीच असते.

रामधारी उठला. सुनेकडून त्यानं एक जुनी वाटी मागून घेतली. कशासाठी ते कळल्यावर तिनं आणखी जुनी दिली. वाटीत उकळतं पाणी ओतून त्यात स्पिरिटची बाटली उभी केली आणि तो करंगळी लावून वाट बघू लागला.  

"अब," तो म्हणाला, आणि ताईंनी जंत काढून घेतलेल्या बशीत त्यानं स्पिरिट ओतलं.

मी वाकून बघत होतो. पांढऱ्या दोऱ्यांसारखे सहा-सात जंत वळवळत होते. ते एका क्षणात, एकदम, सरळ झाले.

"सीधे हुए?"

"सीधे हुए," ताई म्हणाल्या.

त्यांनी ते मोजले नाहीत. नर किती तेही विचारलं नाही. बशी हातात धरून त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि चहा निवला तरी कोणी त्याची आठवण केली नाही. निघताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "रामधारी, अगले इतवार फिर आऊँ? काम कुछ नहीं है."

"इतवार को तो छुट्टी रहती है, मैडम," रामधारी म्हणाला. "सोमवार को आइए. आठ बजे."

त्याच संध्याकाळी टिपण जर्नलला गेलं. ताईंनी मला वाचायला दिलं होतं. दीड पानाची आता पावणेदोन पानं झाली होती. वाढलेल्या मजकुरात एवढंच होतं की मूळ नमुना लेखिकेनं स्वतः थंड स्पिरिटमध्ये ठेवला आणि प्रयोगशाळेतले श्री. रामधारी प्रसाद त्या दिवशी हजर असते तर ही चूक झाली नसती.

सोमवारी माझी पहिली पाळी होती. सव्वासहाला गेटवर कारखान्याच्या बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा ताई रिक्षा शोधत आल्या. आठला हिंदूरावला पोचायचं तर निघायलाच हवं होतं.

"बेडूक मिळाला का आज?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"स्पिरिट तर गरम होणारच ना तिथे," त्या म्हणाल्या, आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला त्यांनी हात केला.